बॅरिकेड चौदा

रविवारी सकाळी सहा ते दहा
गंगावेशीपासून रंकाळा टॉवरपर्यंत
एकही गाडी नाही.
आदेशात एवढंच होतं, आणि खाली सही.
बाकीचं मला शोधायचं होतं.

टेप घेऊन निघाले.
रस्ता मोजायला घेतला की कळतं
त्याला तोंडं किती आहेत.
डावीकडून सात बोळ, उजवीकडून सहा
आणि एक, जो नकाशात नाही
पण रोज त्यातून बर्फाचा टेम्पो येतो.
म्हणजे चौदा बॅरिकेड.
भांडारातून मिळाली तेरा.
"एक मोर्चाला गेलंय, मॅडम," भांडारपाल म्हणाला,
जसं काही ते आपल्या पायांनी गेलं.

मग सह्या.
"रविवार हाय. मटणाचं काय?"
ह्या एका प्रश्नाला माझ्याकडे कलम नव्हतं.
शेवटी खाटीकच म्हणाला, द्या हिकडं कागद,
चालत आलेल्या माणसाला
अर्धा किलो जादाच लागतंय.

बैठक शाळेत, पोरांच्या बाकांवर,
सगळ्यांचे गुडघे छातीशी.
वाहन म्हणजे काय, यावर दीड तास.
हातगाडी चालेल. स्केटिंगची पोरं चालतील.
लग्नाचा घोडा? बघू.
अँब्युलन्स जाईल.
(शववाहिका कुणी काढली नाही. मीच लिहून घेतली.)
मागच्या बाकावरून आप्पू खाटांगळे उठले,
दूधकट्ट्यावरचे, दोरखंड खांद्यावर तसाच:
"म्हशीचं काय लिवलंय?
सा वाजता गिऱ्हाईक चरवी घेऊन हुबं असतंय.
म्हस पायानंच येती. पेट्रोल पीत न्हाई."
मी लिहिलं, म्हैस: पादचारी.
हशा पिकला. मी खोडलं नाही.

ताहेरा बागवान हसली नाही.
तिची तीनचाकी दारात उभी होती,
मागच्या जाळीत केळ्यांचा घड.
"गाडी बंद म्हंजे माझं चालणं बंद,"
एवढंच बोलली, आणि घड्याळाकडं बघत बसली.
तिच्या उंबऱ्यापासून तिच्या गाड्यापर्यंत नऊशे मीटर.
त्याच दुपारी मोजले होते मी,
आणि वहीत नुसतं अंतर म्हणून मांडले होते.

रात्री इचलकरंजीहून फोन,
मल्लाप्पा शिंत्रे, मागे मागांचा खडखडाट.
"चाळीस जण येतोय. पाळी सुटली की निघणार.
पण एक इचारू?
सव्वीस वर्सं झाली सायकल मारतोय,
आमच्यासाठनं कुणी कधी रस्ता मोकळा केला न्हाई.
आत्ताच काय झालं?"
मी रुकडीत पाण्याची सोय सांगितली.
शिरोली नाक्याचं सांगितलं:
हायवे आमच्या हद्दीत नाही,
तिथं खाली उतरा, सायकल हातात धरा,
एकमेकांकडं बघून ओलांडा.
"म्हंजे रोजचंच," म्हणाले, आणि ठेवला.

रविवार. पावणेसहा.
तेरा बॅरिकेड तेरा तोंडांवर.
चौदाव्या बोळाशी मी एकटी,
हातात सुतळी, ती पण अपुरी.
आतून टेम्पोचा दिवा वळला.

आप्पूंनी काही विचारलं नाही.
म्हैस आडवी घातली, बोळभर,
आणि तिच्या पोटाशी उकिडवे बसले.
हॉर्न.
तिनं एक कान हलवला.
पुन्हा हॉर्न, लांबलचक.
मग इंजिन बंद झालं, मान बाहेर आली:
"किती वाजेस्तोवर?"
"धा."
"आन् बर्फ?"
कुणालाच माहीत नव्हतं.

म्हशीला अर्धा हात सरकवून
ताहेराची तीनचाकी तेवढी बाहेर काढली.
यादीत मी तिला पादचाऱ्यांत घातलं होतं,
म्हशीच्या वरच्या ओळीत.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

चरवीत पहिली धार पडली.
रस्त्याच्या पलीकडं, शटर उघडता उघडता,
एका माणसानं मान वळवून बघितलं
कसला आवाज आला ते.